वाहतं पाणी, साचलं पाणी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मुलीच्या हट्टापायी केनवडच्या घरात शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आणली होती. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. पाणी आरओचं, मीठ मुंबईहून मागवलेलं, लिटरला सुमारे 35 ग्रॅम. त्यात दोन क्लाउनफिश. पंप मात्र मी स्वस्तातला घेतला. दिवसा त्याची घरघर कळायची नाही, रात्री ती भिंतीतून ऐकू यायची. अम्मी तहज्जुदला उठतात, त्यांची झोप आधीच उणी. एका रात्री त्यांच्यासाठी मी पंप बंद केला. फजरला उठून पाहिलं, तर दोन्ही मासे टाकीच्या तळाशी पडलेले. मुलीला सांगायचं काम माझ्याकडेच आलं.

शेजारी म्हणाले, "सर, लोणार एवढं जवळ आहे, तिथलंच खारं पाणी का नाही टाकत?" प्रश्न भाबडा असला तरी त्यामागे इतिहास आहे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारची नोंद घेतली ती काच आणि साबण बनवायला लागणाऱ्या क्षारांसाठी. ते पाणी खारं आहेच, पण त्याहून जास्त ते अल्कधर्मी आहे. मासे त्यात जगत नाहीत. म्हणजे पाणी खारं असणं पुरेसं नाही. ते कोणत्या क्षारांचं आहे आणि हलतं आहे की नाही, हेही पाहावं लागतं.

हलत्या आणि थांबलेल्या पाण्यातला फरक आपल्या मदरशांत फार जुन्या काळापासून शिकवला जातो. वुजूच्या मसाइलमध्ये 'वाहतं पाणी' आणि 'साचलं पाणी' असे दोन वेगळे भाग असतात. साचलं पाणी थोडं असेल तर जराशी घाणही त्याला नापाक करते. पण हनफी फुकहांनी एक मोठी सवलत दिली. हौज दहा हात लांब आणि दहा हात रुंद असेल, ज्याला 'दह दर दह' म्हणतात, तर रंग, चव किंवा वास बदलेपर्यंत तो वाहत्या पाण्यासारखाच धरायचा. जुन्या मशिदींतले हौज ऐसपैस का, याचं एक उत्तर इथे सापडतं. हा नियम पाकीचा आहे, माशांसाठी केलेला नाही. पण मला त्यातून एक साधी गोष्ट उमगली. पाणी चांगलं राहायचं तर ते एकतर भरपूर हवं, नाहीतर चालतं हवं.

दोन्ही एकत्र पाहायचं असेल तर औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की पाहावी. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या शहरात नहर आणली. त्याच परंपरेत पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहसाठी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथवर आणलं गेलं. ते उंच भिंतीवर चढतं, तिथून हौजात कोसळतं, चक्की फिरवतं आणि खाम नदीला मिळतं. त्या चक्कीवर फकिरांसाठी आणि मुसाफिरांसाठी पीठ दळलं जायचं. मोटर कुठेच नाही, सगळं काम उंचीच्या फरकावर चालतं. हौजात मासे आहेत आणि हौजाच्या तळाखाली थंड दालन आहे. पाण्याचा आवाज तिथे भरपूर असतो, पण तो कुणाला खुपत नाही.

समुद्राचं पाणी काचेमागे ठेवायची खटपट इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जोरात सुरू झाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली मत्स्यालय उघडलं. पुढे विल्यम आल्फर्ड लॉइडने क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात, 1871 साली, जमिनीखाली अंधारा मोठा हौद बांधला. वरच्या टाक्यांपेक्षा खाली कितीतरी जास्त पाणी होतं आणि वाफेच्या यंत्रावर चालणारे पंप ते सतत फिरवत ठेवायचे. दह दर दह आणि पाणचक्की, दोन्हींतलं तत्त्व त्याने एकत्र आणलं होतं. आपल्या मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं, तेही मरीन ड्राइव्हवर, समुद्र अगदी समोर.

केनवडच्या टाकीजवळ ना अंधारा हौद आहे, ना समुद्र. शंभर लिटर पाणी म्हणजे फार थोडं. त्याला एकच मार्ग उरतो, चालत राहण्याचा. त्यात खारं पाणी त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पंचमांश कमी प्राणवायू धरतं. पाणी तापलं की तो आणखी घटतो, आणि आमच्याकडचा मे सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री दिवे मालवले की टाकीतलं शेवाळ प्राणवायू बनवणं थांबवतं आणि उलट वापरू लागतं. म्हणजे जेव्हा पंपाची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तेव्हाच मी तो बंद केला.

म्हणून आता माझं मत पक्कं आहे. आवाज न करणारा पंप ही चैन नाही. आवाज करणारा पंप एक ना एक दिवस रात्री बंद केला जातोच. नवा पंप घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, पाण्याचा वेग. प्रवाळ असलेल्या टाकीत तासाला दहा ते वीस पट पाणी फिरावं, म्हणजे शंभर लिटरला हजार ते दोन हजार लिटर. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी वर चढवायचं असेल तर तो घटतो. दुसरी, तो डीसीवर चालणारा असावा. असा पंप सहसा शांत असतो, वेग कमी-जास्त करता येतो आणि बॅटरीवरही चालवता येतो. लोडशेडिंगच्या गावात हे शेवटचं मोलाचं. तिसरी, त्याचा फिरता चुंबक आणि दांडा सुटा मिळावा.

आवाजावरूनच दुखणं कळतं. गडगड झाली तर हवा शिरते आहे, पाण्याची पातळी पाहा. खरखर झाली तर आत वाळू किंवा क्षार अडकलेत, नाहीतर दांडा झिजलाय. नुसती गुणगुण असेल तर पंप काचेला टेकलाय, खाली रबर घाला. दोन-तीन महिन्यांनी वीज बंद करून पंप उघडतो, सुटे भाग अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी यात तासभर बुडवतो, दात घासायच्या ब्रशने घासतो आणि स्वच्छ धुतो. कोरडा मात्र कधी चालवत नाही.

टाकीत आता पुन्हा दोन मासे आहेत. परवा पहाटे अम्मींनी विचारलं, "आज बंद केलास का रे ते?" मी म्हणालो, "नाही अम्मी, चालू आहे." त्या टाकीपर्यंत गेल्या, काचेला हात लावून पाहिला आणि मुसल्ला अंथरला.