खिडकी उघडा म्हणता, पण ती उघडते कुठे?

दम्याच्या मुलाला घेऊन दवाखान्यात गेलं की डॉक्टर पंप लिहून देतात आणि वर सांगतात, घरात हवा खेळती ठेवा. सल्ला बरोबरच आहे. पण गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींत खिडकी उघडली तर समोर वारा नसतो, शेजारच्या इमारतीची भिंत असते. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो, कारण याच मुंबईत एकेकाळी घरातल्या हवेचं गणित ठरलेलं होतं.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांमुळे रोग पसरतो असा तेव्हाच्या सरकारचा समज. त्यातूनच १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढला गेला.

गंमत म्हणजे प्लेगबाबत हा समज चुकीचा होता. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी त्याच १८९८ साली दाखवून दिलं. पण क्षय आणि दमा यांच्या बाबतीत उजेड-वाऱ्याचा आग्रह आजही खराच आहे.

ट्रस्टचा एक नियम होता, ६३.५ अंशांचा. सोपं करून सांगायचं तर इमारत जितकी उंच, त्याच्या किमान निम्मी जागा समोर मोकळी हवी. म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीतही आकाशाचा उजेड पोचतो. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांमधल्या उजेड-हवेवर पुस्तिकाच लिहिली.

ट्रस्टचे गोडवे गायचं कारण नाही. सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत. गरीब माणूस इथून उठला आणि तिथल्या दाटीत गेला. तरीही हवा ही भाडेकरूची नाही, बांधणाऱ्याची जबाबदारी आहे, एवढं त्या नियमाने मान्य केलं होतं.

आता आपल्याकडे या. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींत अंतर जेमतेम ३ मीटर. मजले सात-आठ, म्हणजे उंची साधारण २४ मीटर धरा. ऑर साहेबांच्या हिशेबाने १२ मीटर लागले असते. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू'ने अशा वसाहतींची पाहणी जाहीर केली. उजेड-वारा कमी तिथे क्षय जास्त, हेच त्यात दिसलं.

क्षयाची निदान नोंद तरी होते. पोराच्या छातीतली घरघर कोण मोजतो? अशा खोलीत ओल वाळत नाही, भिंतीला बुरशी धरते, फोडणीचा धूर तासभर रेंगाळतो. त्यात डासांसाठी कॉइल. २००३ सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असं आढळलं. दमेकरी मुलाची खोली रात्रभर याच हवेने भरलेली.

कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा, स्वयंपाक करताना बाहेर हवा फेकणारा पंखा चालू ठेवा, ओल गळतीच्या मुळाशी थांबवा, घरात विडी-सिगारेट नको. एवढं आपल्या हातात आहे आणि ते करायलाच हवं. पण भिंतींमधलं अंतर आईच्या हातात नाही. ते नकाशावर ठरतं, आणि पुनर्वसनाच्या इमारतींना नेमकी याच मोकळ्या जागेत सवलत मिळते.

आपल्या भागात ठिकठिकाणी पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत. सगळे विचारतात, घर किती स्क्वेअर फूट? विचारायलाच हवं. पण संमतीपत्रावर सही करण्याआधी अजून एक प्रश्न विचारा: माझ्या खिडकीपासून समोरची भिंत किती मीटरवर? उत्तर तोंडी घेऊ नका, नकाशावर दाखवायला सांगा. तुमच्या सोसायटीत काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.