अभयाची रेषा : राळेगावचा व्याघ्र-इतिहास

‘अभयारण्य’ हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो की त्यातील ‘अभय’ कोणी कोणास दिले आहे, हा प्रश्न सहसा पडत नाही. माणसाने वन्य प्राण्यास दिलेले अभय, असा त्याचा रूढ अर्थ. पण हे अभय नकाशावरील एका रेषेने बांधलेले असते आणि ती रेषा वाघाला दिसत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात २०१६ ते २०१८ या काळात जे घडले, ते या रेषेबाहेर घडले. त्याचा विचार करताना आधी ही रेषा कशी आखली गेली, ते पाहिले पाहिजे.

राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान ताडोबा. ते १९५५ साली घोषित झाले, तेव्हा चांदा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. पुढे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत भेद केला. उद्यानात गुरे चारण्यास मुळीच परवानगी नाही. अभयारण्यात काही हक्क नियंत्रित स्वरूपात राहू शकतात. राळेगावच्या दक्षिणेस, पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर हे दुसऱ्या प्रकारातले. १९९७ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. सागाचे, शुष्क पानगळीचे हे जंगल उन्हाळ्यात विरळ होते आणि पाणवठे हाच त्याचा प्राण ठरतो. चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर, अस्वल, बिबट्या आणि वाघ येथे नांदतात. संरक्षण मिळाल्यावर वाघांची संख्या वाढली. वयात आलेल्या वाघाला मात्र स्वतःचा मुलूख शोधावा लागतो, आणि एवढ्या क्षेत्रात सर्वांना तो मिळणे शक्य नसते.

या रेषेबाहेरची भूमी कशी आहे? राळेगाव हा वर्धा नदीकाठचा, कापसाचा तालुका. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. येथील काळ्या जमिनीवर कापसाचा पेरा वाढत गेला. पडीक आणि झाडोऱ्याची जमीन त्यासाठी मोडली गेली. आजही तालुक्यात जंगल आहे, पण ते शेतशिवारांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. त्याच्या कडेला गावे आहेत, कोलामांचे पोड आहेत. गुरे जंगलात चरतात, गुराखी त्यांच्यामागे असतो. वाघ आणि माणूस यांच्यामध्ये येथे कोणतीही घोषित सीमा नाही. कपाशीची ओळ संपते तेथे झुडपे सुरू होतात.

याच परिसरात ‘टी-१’ या सांकेतिक क्रमांकाने ओळखली जाणारी वाघीण वावरत होती. सुमारे दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले. ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्याविरुद्धच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मग शोधमोहीम सुरू झाली : पिंजरे, कॅमेरे, ड्रोन, हत्ती. मोहिमेसाठी आणलेला एक हत्तीच सुटून गावात शिरला आणि त्याच्यामुळे एका स्त्रीचा जीव गेला. अखेर २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीजवळ खासगी नेमबाजाच्या गोळीने वाघीण मेली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने या मोहिमेत नियमभंग झाल्याचे नोंदवले. मागे राहिलेल्या दोन बछड्यांपैकी मादी डिसेंबरात पकडून पेंचला नेण्यात आली. मार्च २०२१मध्ये तिला जंगलात सोडले आणि थोड्याच दिवसांत ती मरण पावली.

साहित्याच्या अभ्यासकाने या प्रकरणातील शब्दांकडे लक्ष द्यावे. एका पक्षाने तिला ‘नरभक्षक’ म्हटले, दुसऱ्याने ‘अवनी’. पहिला शब्द शिकारकथांतून आलेला. १९७२च्या कायद्याच्या अकराव्या कलमात तो नाहीच. तेथे आहे तो ‘मानवी जीवितास धोकादायक’ झालेला प्राणी, आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा हलवणे अशक्य असल्याची अट. दुसरा शब्द म्हणजे पृथ्वी. एकाने वाघिणीला खलनायिका केले, दुसऱ्याने नायिका. आणि दोन्ही कथांत मेलेली तेरा माणसे केवळ आकडा उरली. ती बहुतांशी शेतात राबणारी, गुरे चारणारी माणसे. राष्ट्रीय उद्यानाच्या नियमांनी त्यांना कधी बाहेर काढले नव्हते, कारण त्यांच्या भूमीला उद्यान म्हणून कोणी ओळखतच नव्हते.

२०१९ साली टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ शेते, रस्ते ओलांडत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातील रेडिओ-पट्ट्यामुळे त्याची तेराशे किलोमीटरांहून अधिक वाट आपल्याला कळली, आणि आपण त्याचे कौतुक केले. राळेगावची वाघीण आणि हा प्रवासी यांची निकड एकच होती. फरक पडला तो वाटेत माणूस कोठे, कसा भेटला यामुळे. म्हणून उद्यानाच्या व्यवस्थापनाची कसोटी त्याच्या प्रवेशद्वाराच्या आत लागत नाही. कपाशीच्या शेवटच्या ओळीपाशी उभ्या असलेल्या गुराख्याला वाघाची खबर वेळेवर मिळते का, त्याच्या गुरांना चारा दुसरीकडे मिळतो का, मेलेल्या जनावराची भरपाई हातात पडते का, येथे ती लागते. त्याला अभय नसेल, तर वाघाला दिलेले अभयही फार काळ टिकत नाही.