कागद, काच, पत्रा

संसारांत टाकून देण्याजोगें फार थोडें असतें, अशी महाराष्ट्रांतील गृहिणींची जुनी शिकवण. फाटक्या लुगड्याची गोधडी होई, रद्दी तराजूनें जोखली जाई, आणि जरीच्या वस्त्राच्या मोबदल्यांत बोहारणीकडून नवें भांडें घरांत येई. या व्यवहारांत घासाघीस पुष्कळ चाले. परंतु उंबरठ्याशीं बसलेली बोहारीण सौदा करण्यास आली आहे, याविषयीं कोणास शंका नसे.

तीच चिंधी, तोच कागद एकदां कचराकुंडींत पडला, म्हणजे मात्र तो वेचणारीस हा मान मिळत नसे. पुण्यांत हें काम बहुतांशीं भूमिहीन दलित कुटुंबांतील स्त्रियांच्या वांट्यास आलें. १९७२ च्या दुष्काळांत गांव सोडावें लागलेलीं कुटुंबेंहि त्यांत होतीं. कुजलेल्या अन्नांतून कागद, काच, पत्रा निवडावा, फुटक्या काचेनें हात कापावे, कुत्रीं अंगावर यावीं, आणि वर चोरीचा संशय पदरीं यावा, असा तो दिनक्रम होता. वेचलेला माल भंगारवाल्यामार्फत कारखान्यांत पोंचे व त्याचा नवा माल तयार होई. तथापि या श्रमास धंदा म्हणण्याची कोणाची तयारी नव्हती.

१९९० नंतर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागांतील कार्यकर्त्या या स्त्रियांबरोबर कचराकुंड्यांपर्यंत गेल्या. तेव्हां एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानीं आली. घरांतच ओला व सुका केर निराळा ठेवला, तर वेचणारीचे कष्ट कमी होतात, माल स्वच्छ राहतो आणि चार पैसे अधिक मिळतात. कांहीं वस्त्यांतील घरांतून तसा केर मिळूंहि लागला. इतक्यांत एका व्यावसायिकानें मोटार फिरवून तेथीलच घरोघरचा केर नेण्यास आरंभ केला. केराला किंमत आहे हें उघड होतांच त्यास दुसरा धनी उभा राहिला! वेचणाऱ्या बायकांनीं एकजुटीनें विरोध केला व या कामावरील आपला हक्क सांगितला.

या प्रसंगांतूनच संघटनेचा विचार बळावला. मे १९९३ मध्यें हमालांचे पुढारी डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखालीं पुण्यांत कचरावेचकांची परिषद भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. पुढें महानगरपालिकेनें पंचायतीच्या ओळखपत्रांस मान्यता दिली. २००८ मध्यें ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेचा पालिकेशीं करार झाला. घरटी मासिक शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, हें सभासदांचें उत्पन्न ठरलें. कुंडीपाशीं वांकणारी स्त्री आतां बोहारणीप्रमाणें दाराशीं उभी राहिली.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनीं कचरावेचकांना व्यवस्थेंत सामावून घेण्यास सांगितलें आणि केर निवडून देणें हें प्रत्येक घराचें कर्तव्य ठरविलें. एवढें होऊनहि या इतिहासांतील एक काम सरकारास करतां येण्याजोगें नाहीं. उरलेल्या आमटीखालीं वर्तमानपत्र भिजलें, कीं त्याचें मोल गेलें, आणि तें वेचणारीच्या हातांस पुन्हां कुंडीचाच वास आला. तिला मिळालेलें ओळखपत्र खरें ठरतें कीं नाहीं, हें रोज सकाळीं स्वयंपाकघरांतील दोन बादल्या ठरवीत असतात.