उन्हाळ्याचं काम

या मे महिन्यात लेकीला बेंगळुरूला सोडायला गेले. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपलं आणि एका कंपनीत तिला दोन महिन्यांचं उन्हाळी काम मिळालं. ती म्हणत होती, मी एकटी जाते. मी कुठली ऐकतेय! निपाणीहून सकाळची बस, साडेपाचशे किलोमीटरच्या वर रस्ता, डब्यात दशम्या आणि बिनलसणाची शेंगाची चटणी. गाव सुटलं की लगेच तवंदीचा घाट लागतो. स्तवनिधीच्या दिशेला हात जोडले, तेवढ्यात लेक म्हणाली, "मम्मी, तू सुट्टीत काय काम करायचीस?"

मी काहीच करायची नाही. पण माझ्या वर्गातली एक मुलगी करायची, आणि ती आईबरोबर हाच घाट उतरून चालत यायची.

तंबाखूनं निपाणी मोठी केली, हे आपण सगळे अभिमानानं सांगतो. चिकोडी तालुक्यातली विडीची तंबाखू जानेवारी-फेब्रुवारीत कापायची, शेतातच उन्हात वाळवायची, मग गाड्या भरून माल वखारीत यायचा. तिथून पुढचं काम बायकांचं. बडवायचं, चाळायचं, शिरा आणि काड्या वेगळ्या काढायच्या. वाऱ्यानं बारीक माल उडतो म्हणून खिडक्या-दारं बंद. ऐन उन्हाळ्यात, पत्र्याखाली, त्या धुरळ्यात! आसपासच्या खेड्यांतून बायका पहाटे निघायच्या, आणि शाळेला सुट्टी लागली की पोरीही आयांच्या मागून यायच्या.

माझ्या आजोबांचीही वखार होती, छोटी. १९८० च्या सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायची. एक दिवस दारातून आत पाहिलं तर नाकातोंडाला फडकं बांधलेली एक मुलगी चाळण हलवत होती. डोळ्यांवरून ओळखलं. माझ्या शेजारच्या बाकावरची. तिनंही मला ओळखलं. मी डबा ठेवला आणि न बोलता घरी आले. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी होती. आम्ही तेव्हा दहा वर्षांच्या. हजेरीच्या वहीत तिचं नाव नव्हतंच, तिचं काम आईच्या नावावर जायचं. संध्याकाळी सुटताना दारावर सगळ्यांची झडती व्हायची, कुणी पदरात तंबाखू नेते का बघायला. ते झालं की मायलेकी घाटाची वाट धरायच्या. त्या वेळी आमच्या घरी पानं वाढलेली असायची, सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून.

त्याच सुमारास प्रा. सुभाष जोशींसारख्या कार्यकर्त्यांबरोबर या बायका संघटित झाल्या. मोर्चे निघाले, संप झाले. दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर गटातल्या बायकांनी १९८२ मध्ये त्यावर फिल्म केली. कॅमेऱ्यासमोर त्या बायका आपल्याच बोलीत सगळं सांगतात. मी ती फार उशिरा पाहिली, आणि मध्ये दोनदा थांबवावी लागली. अनिल अवचटांचं 'अंधेरनगरी निपाणी' मात्र बी. ए. ला असताना वाचलं होतं. घरी विषय काढला तर आजोबा एवढंच म्हणाले, "बाहेरच्या माणसाला धंदा काय कळतोय?"

शेतकऱ्यांचं आंदोलन सगळ्यांना माहीत आहे. १४ मार्च १९८१ पासून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी याच पुणे-बेंगळुरू रस्त्यावर बसले, तंबाखूला भाव मागत. तिथं गावच वसलं, आंदोलननगर म्हणायचे त्याला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, १२ शेतकरी गेले. व्यापाऱ्यांत आपले लोक होते तसे रस्त्यावर बसलेल्यांतही होते, त्यामुळं आमच्या पंगतीला आजोबा एकीकडं आणि शेती करणारे मामा दुसरीकडं, मधे आजी ताक वाढत फिरायची. पण या दोघांच्या भांडणात वखारीतल्या बाईचं नाव कुणी काढल्याचं मला आठवत नाही. भाव मिळाला असता तर तिचा रोज वाढला असता का, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला सुचलंच नाही, हे जास्त खरं.

ती मुलगी सहावीनंतर शाळेत आली नाही. दोन वर्षांपूर्वी बाजारात तिनंच हाक मारली, माझी आडनावाची सवय अजून तीच. हातात नातीचं दप्तर. बोलता बोलता मी विचारलं, गावाहून यायला किती वेळ लागायचा गं? म्हणाली, "येताना पावणेदोन तास. जाताना जास्ती. आय दमायची, मग बसत बसत जायाचं." वखारीचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही. भाजीचे भाव बोलून निघालो.

हे सगळं सांगेपर्यंत बेळगाव मागं पडून धारवाड आलं होतं. लेक म्हणाली, "आणि तू तिच्याशी बोलली नाहीस? त्या दिवशी? नंतरही?"

"नाही."

हुबळी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. मग डबा काढला.