नाव राहिलं, संघ गेला

सिअ‍ॅटलच्या बास्केटबॉल संघाचं बारसं एका विमानावरून झालं. १९६७ साली संघ उभा राहिला, तेव्हा तिथली बोइंग कंपनी आवाजापेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमान बनवण्याच्या मागे होती. म्हणून संघ 'सुपरसॉनिक्स', लाडाने 'सॉनिक्स'. १९७१ मध्ये सरकारने पैसा थांबवला आणि ते विमान काही उडलंच नाही. संघ मात्र उडाला! १९७९ मध्ये लेनी विल्कन्स प्रशिक्षक असताना वॉशिंग्टनला ४-१ असं हरवून त्याने एनबीएचं विजेतेपद पटकावलं.

मग २००६ मध्ये ओक्लाहोमाच्या धनिकांनी संघ विकत घेतला. नव्या स्टेडियमसाठी त्यांना सरकारी तिजोरीतून पैसा हवा होता, तो मिळाला नाही. ४१ हंगामांनंतर, २००८ मध्ये, संघ ओक्लाहोमा सिटीला गेला आणि 'थंडर' झाला. सिअ‍ॅटल कोर्टात गेलं होतं. तडजोडीत साडेचार कोटी डॉलर मिळाले आणि जुनं नाव व हिरवा-सोनेरी रंग शहरासाठी राखले गेले.

म्हणजे खेळाडू गेले, नाव राहिलं. आणि इतिहास?

२०२५ मध्ये थंडर विजेते ठरले. एनबीएच्या वहीत हे या संघाचं दुसरं विजेतेपद. पण ओक्लाहोमातलं शेंबडं पोरही ते पहिलंच म्हणेल. आणि १९७९ चा जल्लोष पाहिलेला सिअ‍ॅटलकर? तो तर हे विजेतेपद मोजणारच नाही.

मला विचाराल तर, दोघांचंही बरोबर आहे. चूक आहे ती वहीच...