दोन बेटे आणि एक धडा



शहाडला वर्गात इतिहासाच्या तासाला मी कधी कधी मुलांना त्यांचे मूळ गाव विचारतो. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा ही नावे हमखास ऐकू येतात. मग मी म्हणतो, "बाळांनो, तुमचे पणजोबा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात राहत नव्हते, ते जंजिऱ्याच्या नबाबाचे प्रजाजन होते." मुले चकित होतात. आपणही हा इतिहास थोडा आठवू या.

'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा' म्हणजे बेट यावरून आला. मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी सत्ता स्थापन केली. छत्रपती शिवाजी महाराज व संभाजी महाराज यांनी प्रयत्न करूनही हा किल्ला पडला नाही. किनाऱ्यावरचा मुलूखही सिद्दींकडे होता. पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन त्यातच मोडे. संस्थानाचा दुसरा तुकडा, जाफराबाद, पार काठेवाडच्या किनाऱ्यावर होता.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि प्रश्न उभा राहिला, या संस्थानाचे काय? राजा मुसलमान, प्रजा बहुसंख्य हिंदू, आणि फाळणीच्या जखमा ओल्या. नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया यांसारख्या कार्यकर्त्यांनी विलीनीकरणासाठी चळवळ केली. १९४८ साली नबाब सिद्दी मुहम्मद खान यांचे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आता आपले कसे होईल, अशी धाकधूक त्या वेळी अनेक मुसलमान घरांत असणे स्वाभाविकच होते.

आता नकाशावर भूमध्य समुद्रातले सायप्रस बेट पाहा. तेथे बहुसंख्य ग्रीक ख्रिस्ती आणि अल्पसंख्य तुर्की मुसलमान राहतात. १९६० साली ते स्वतंत्र झाले. ब्रिटन, ग्रीस व तुर्कस्तान हे हमीदार बनले. पण १९६३ साली दंगली झाल्या आणि १९७४ साली घाव वर्मी बसला. ग्रीसमधील लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने तेथे सत्तापालट झाला, पाठोपाठ तुर्कस्तानने सैन्य उतरवले आणि बेट दुभंगले. ग्रीक दक्षिणेत गेले, तुर्क उत्तरेत. पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी एकमेकांना पारखे झाले.

पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी एकीकरणाची योजना मांडली. २४ एप्रिल २००४ रोजी दोन्हीकडे मतदान झाले. तुर्कांपैकी ६५ टक्क्यांनी 'होय' म्हटले, ग्रीकांपैकी ७६ टक्क्यांनी 'नाही'. आठवड्याभरात, १ मे रोजी, सायप्रस युरोपीय संघात गेले, पण दुभंगलेलेच. संघाचे कायदे उत्तरेत लागूच झाले नाहीत. २०१७ सालची बोलणीही फिसकटली.

वाचकहो, एक बेट जुळले, दुसरे का जुळले नाही? दोन्हींची परिस्थिती सारखी नव्हती हे खरे. तरी एक गोष्ट ध्यानात घ्या. जंजिऱ्यात गावे वाटली गेली नाहीत. त्याच गावात मशीद राहिली, देऊळ राहिले, बाजार एकच राहिला, बोली एकमेकांना कळणारी राहिली. बाहेरचा कोणी हमीदार नव्हता. हमी होती ती शेजाऱ्याची आणि १९५० पासून राज्यघटनेची. सायप्रसमध्ये कागद पुष्कळ झाले, पण शेजार तुटला होता.

मात्र सही झाली म्हणजे सारे झाले असे नाही. मोठ्या राज्यात सामील होणे वेगळे आणि त्यात आपला वाटा उचलणे वेगळे. तो वाटा शिक्षणाने उचलता येतो. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला. याच म्हसळा तालुक्यातील आंबेत गावचे बॅरिस्टर अ. र. अंतुले श्रीवर्धनमधून विधानसभेवर निवडून गेले आणि १९८० साली महाराष्ट्राचे पहिले मुसलमान मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणाला तेव्हा अवघी ३२ वर्षे झाली होती. १९४८ साली धास्तावलेल्या एखाद्या बापाला हे कोणी सांगितले असते तर त्याचा विश्वास बसला नसता.

म्हणून पालकांना विनंती, मुलाला अर्ध्यावर शाळेतून काढू नका; मुलीला तर नाहीच नाही. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक काम देतो. ज्यांनी १९४८ साल पाहिले अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत. सुटीत गावी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसा. त्या दिवसांत गावात काय घडले, शेजारी कसे वागले, हे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. ती माणसे गेली की तो इतिहासही जाईल. तुमच्या वह्या वाचायला मला मनापासून आवडेल.