सरमेच्या पिल्लापासून दारातल्या घुंगरांपर्यंत

महाभारतात कौरव-पांडवांची गोष्ट सुरू होण्याआधीच एक कुत्र्याचं पिल्लू मार खातं. आदिपर्वात ही कथा आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचं सत्र चाललेलं असतं. तिथे आलेल्या पिल्लाला त्याचे भाऊ बडवून काढतात. पिल्लू रडत आईकडे, म्हणजे देवांच्या कुत्रीकडे, सरमेकडे जातं. ती म्हणते, तूच काहीतरी केलं असशील. पिल्लू सांगतं, मी हविर्द्रव्याकडे बघितलं नाही, चाटलंही नाही. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन विचारते की माझ्या लेकराला का मारलंत? कुणाकडेच उत्तर नसतं. त्यावर ती जनमेजयाला शाप देते: ध्यानीमनी नसताना तुझ्यावर भय कोसळेल.

पिल्लांच्या पॉटी ट्रेनिंगचा इतिहास मी वाचायला लागलो, तेव्हा सरमेचा हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटत राहिला. पिल्लाला मारताना ते कशासाठी, हे त्याला कळतं का?

आपल्याकडे हा प्रश्न फार काळ घरात शिरलाच नाही. कुत्रं ओसरीवर किंवा अंगणात असायचं, गल्लीतही असायचं. मोकळं व्हायला त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. चौथा मजला, लिफ्ट आणि आतून कडी लावलेलं दार आलं, तेव्हा कुत्र्याला पहिल्यांदा माणसाला विचारावं लागलं.

खरं तर स्वच्छता पिल्लाला आपण शिकवत नाही. पहिले साधारण तीन आठवडे आईच त्याला चाटून मोकळं करते आणि जागा साफ ठेवते. पुढे पिल्लं झोपायच्या जागेपासून दूर जाऊन शू-शी करू लागतात, आणि आठ-नऊ आठवड्यांची होईपर्यंत त्यांच्या जागा ठरायला लागतात. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लांचा अभ्यास केला. 1965 साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात पिल्लांच्या या वाढीची तपशीलवार नोंद आहे. म्हणजे अंथरूण घाण करू नये, हे पिल्लाला ठाऊक असतं. तुमचा अख्खा टू बीएचके हेच अंथरूण आहे, एवढंच त्याला ठाऊक नसतं.

ते त्याला सांगायचं कसं? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत म्हणजे नाक घाणीत घासणं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून फटका मारणं. पण त्याच काळात एका माणसानं प्रश्न उलटा करून बघितला. कुत्र्यालाच सांगता आलं तर?

हा माणूस म्हणजे जॉन लबक. पेशानं बँकर, ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य आणि डार्विनचा शेजारी. इंग्लंडमधली 1871 सालची बँक हॉलिडेची सुट्टी याच्याच कायद्यातून आली. अंध आणि बधिर असलेल्या लॉरा ब्रिजमन या अमेरिकन मुलीला डॉ. हाऊ यांनी भाषा शिकवली होती. तीच वाट कुत्र्यासाठी वापरून पाहावी, असं लबकला वाटलं. त्याच्याकडे व्हॅन नावाचा काळा पूडल होता. त्याच्यासाठी लबकनं पुठ्ठ्याची कार्डं केली. आधी एका बशीवर 'खाणं' असं छापलेलं कार्ड आणि रिकाम्या बशीवर कोरं कार्ड, अशी सुरुवात. पुढे पाणी, चहा, हाड असे शब्द आले. आणि एका कार्डावर होतं, 'बाहेर'. ते तोंडात धरून आणलं की व्हॅनला फिरायला नेलं जाई. 1884 साली लबकनं हे 'नेचर'मध्ये मांडलं. व्हॅनला अक्षरं वाचता येत होती, असं म्हणायची गरज नाही. अमुक केलं की दार उघडतं, हे त्याला पक्कं उमगलं होतं.

पावलोवच्या प्रयोगात आवाज माणूस करायचा आणि लाळ कुत्र्याची गळायची. व्हॅनच्या बाबतीत खूण कुत्रा करत होता आणि उठावं माणसाला लागत होतं. ही अदलाबदल मला फार मोठी वाटते.

असं शिकणं नेमकं केव्हा पक्कं होतं, हे बी. एफ. स्किनरनं डिसेंबर 1951 च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये सोप्या भाषेत लिहिलं. बक्षीस हवं त्या कृतीच्या क्षणीच मिळायला हवं. एका सेकंदाचा उशीरही बराचसा परिणाम घालवतो. आता हाच हिशेब शिक्षेला लावा. तुम्ही संध्याकाळी सहाला घरी येता, डबकं दुपारी तीनचं असतं. तुमच्या फटक्याचा आणि त्या डबक्याचा संबंध पिल्लाच्या डोक्यात लागणार कसा?

'पण त्याचा चेहरा बघा ना, त्याला कळलंय!' हे आपण सगळेच ऐकतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हाच चेहरा तपासला. कुत्र्यानं मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, यावर तो अपराधी चेहरा ठरत नव्हता. मालक रागावला की तो चेहरा दिसायचा. काहीही न केलेल्या कुत्र्यांना रागावलं, तर तो आणखी ठळक दिसायचा. सरमेचं पिल्लूही बहुधा याच चेहऱ्यानं घरी गेलं असेल.

माझ्याकडे आलेली चिंगी चार महिन्यांची होती, गावठी. आधीच्या घरात तिला मार बसला होता. त्यातून ती एकच गोष्ट शिकली होती, माणसासमोर शू करायची नाही. मी बाहेर नेलं की ती आवरून धरायची, आणि घरी आलं की पलंगामागे जाऊन मोकळी व्हायची. घरमालकांनी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. त्यानंतर ती नाही, किंवा मी नाही.

मी दाराच्या कडीला घुंगरं बांधली. झोपून उठली, जेवली, खेळून झालं की दर वेळी तिचा पंजा घुंगरांना लावायचा, मग दार उघडायचं आणि थेट खालच्या आंब्यापाशी जायचं. मी तोंड फिरवून उभा राहायचो, कारण तिला माझीच भीती होती. झालं की तिथल्या तिथे चण्याचा दाणा. अकराव्या दिवशी पहाटे घुंगरं वाजली, तेव्हा मी अंथरुणात होतो.

बुडापेस्टच्या अॅडम मिक्लोशी यांच्या गटानं 2003 मध्ये एक फरक दाखवला. सोडवता न येणारं कोडं समोर आलं की कुत्री वळून माणसाकडे बघतात. माणसांनी वाढवलेले लांडगे तसं फारसं करत नाहीत. आपल्याकडे बघणं कुत्र्यात आधीपासूनच आहे. मार खाल्लेलं पिल्लू तेच दाबून टाकतं. म्हणून फटक्यानं कदाचित फरशी कोरडी राहील, पण विचारणारं कुत्रं मिळणार नाही.

आता चिंगी कधीकधी नुसत्या भटकंतीसाठीही घुंगरं वाजवते. तरी मी उठतो. थेट आंब्यापाशी नेतो, काही झालं नाही तर परत आणतो. लबकलाही व्हॅननं कार्ड आणलं की बाहेर पडावं लागत होतं. कुत्र्याला शब्द दिला की तो आपल्यालाच पाळावा लागतो.